यकृताच्या धमनीतील खोटा फुगा : पोट न उघडता थांबणारा रक्तस्राव

पित्ताशयाची शस्त्रक्रिया होते, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी परततो. पोटावरची चार छोटी छिद्रे सुकतात आणि जेवणही पूर्ववत होते. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठते, डोळ्यांत पिवळसर झाक दिसू लागते आणि शौचास डांबरासारखी काळी होते. घरात या प्रकाराला पित्त म्हटले जाते. जवळच्या दवाखान्यात अल्सरची शंका घेऊन गोळ्या दिल्या जातात. मग रक्तस्राव आपोआप थांबतो, रुग्णाला बरे वाटते आणि सारे निश्चिंत होतात. काही दिवसांनी पुन्हा रक्त जाते, आणि या वेळी रक्तदाब कोसळतो.

या दोन रक्तस्रावांमधला शांततेचा काळ हाच या आजाराचा सर्वांत फसवा भाग होय. पहिला स्राव ही पूर्वसूचना असते. तिचा अर्थ वेळीच लागला, तर मांडीतील किंवा मनगटातील सुईएवढ्या छिद्रातून तासाभरात उपाय होऊ शकतो. तो लागला नाही, तर रुग्ण रक्तस्रावाने दगावू शकतो. यकृताच्या धमनीवर तयार होणाऱ्या या विकृतीला वैद्यकात स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. मराठीत तिला आभासी धमनीविस्फार किंवा सोप्या शब्दांत खोटा फुगा म्हणता येईल.

खोटा कशासाठी, हे समजून घेणे आवश्यक आहे. धमनीची भिंत तीन थरांची असते. वयोमानाने वा रक्तदाबाने हे तिन्ही थर ताणले जाऊन धमनी फुगते, तेव्हा तो खरा विस्फार. खोट्या फुग्यात भिंत ताणली जात नाही, ती फाटलेली असते. बाहेर पडलेले रक्त भोवतालच्या ऊतींनी आणि गोठलेल्या रक्ताच्या पातळ कवचाने अडवून धरलेले असते आणि प्रत्येक ठोक्यासरशी धमनीतील रक्त त्या पोकळीत आत-बाहेर करीत राहते. आवरण भक्कम नसल्याने हा फुगा लहान आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. खऱ्या विस्फारात आकार पाहून वाट पाहण्याचा पर्याय पुष्कळदा असतो. यकृताच्या धमनीवरील खोट्या फुग्याबाबत मात्र तो कधी फुटेल हे आकारावरून सांगता येत नसल्याने, आढळताच उपचार करावा असाच बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे.

हा फुगा होण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांतील मोठा वाटा आधुनिक उपचारांचाच आहे. पित्ताशयाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया युरोपात 1985 ते 1987 या काळात सुरू झाली आणि 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतातील पहिली अशी शस्त्रक्रिया केली. आज ती तालुक्याच्या गावीही होते, आणि ती सुरक्षितच आहे. तथापि यकृताची उजवी धमनी पित्तनलिकेच्या अगदी जवळून, बहुधा तिच्या मागून जाते. रक्त थांबवण्यासाठी वापरलेल्या विद्युत उपकरणाची धग, धातूची क्लिप धमनीला घासणे किंवा पित्त गळून झालेला जंतुसंसर्ग यांपैकी कशानेही तिची भिंत झिजू शकते. ही झीज हळूहळू होत असल्याने त्रास शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर रुग्णाच्या मनातून शस्त्रक्रिया मागे पडलेली असते.

यकृताचा तुकडा तपासणीसाठी सुईने काढणे, कावीळ उतरवण्यासाठी त्वचेतून पित्तमार्गात नळी घालणे, स्वादुपिंडाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया, यकृत प्रत्यारोपण या सर्वांनंतर अशी इजा संभवते. दुसरे मोठे कारण अपघात. दुचाकीचे हँडल पोटात घुसणे, नारळाच्या किंवा पोफळीच्या झाडावरून पडणे, वाहनाची जोरदार धडक यांत यकृत फाटते. रक्तदाब स्थिर असेल तर आता अशा बहुतेक रुग्णांचे पोट उघडले जात नाही. त्यांना देखरेखीखाली ठेवले जाते आणि यकृत आपोआप भरून येते. हे धोरण योग्यच आहे. मात्र त्या फाटलेल्या भागात एखादी धमनी उघडी राहिली असेल, तर फुगा तिथेच मागाहून वाढतो. तिसरे कारण यकृतातील गळू. अमिबाजन्य गळू आपल्याकडे अजून आढळते, विशेषतः मद्यपान करणाऱ्या पुरुषांत. त्याच्या भिंतीलगतची धमनी कुरतडली जाऊन क्वचित असाच फुगा होतो. स्वादुपिंडाच्या दाहात पाचकरस धमन्या पोखरतात, पण तिथे यकृताच्या धमनीपेक्षा प्लीहेच्या धमनीला इजा होण्याचे प्रमाण अधिक आहे.

फुगा फुटला की रक्त जाण्याचे मार्ग दोन-तीनच असतात. ते उदरपोकळीत सांडले तर रुग्ण थेट धक्क्याच्या अवस्थेत जातो. यकृताच्या आवरणाखाली साचले तर वेदना होते. शेजारच्या पित्तनलिकेत शिरले तर ते पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरते. या शेवटच्या प्रकाराचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमधील वैद्य फ्रान्सिस ग्लिसन यांनी यकृताच्या रचनेवरील आपल्या 1654 च्या ग्रंथात द्वंद्वयुद्धात तलवारीचा वार झालेल्या एका सरदारपुत्राची हकिकत नोंदवली आहे; जखमेनंतर काही दिवसांनी पोटातील रक्तस्रावाने तो मरण पावला. जर्मन वैद्य हाइनरिक क्विंके यांनी 1871 मध्ये तीन लक्षणे एकत्र मांडली : उजवीकडे पोटात कळ, कावीळ आणि आतड्यावाटे रक्तस्राव. स्वीडनचे शल्यविशारद फिलिप सॅन्डब्लॉम यांनी 1948 मध्ये या प्रकाराला हीमोबिलिया, म्हणजे पित्तमार्गातील रक्तस्राव, हे नाव दिले. क्विंके यांची तिन्ही लक्षणे एकाच वेळी साधारण तीनपैकी एकाच रुग्णात दिसतात. कावीळ नाही म्हणून ही शंका सोडून देणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

निदान कसे होते

काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली की प्रथम एंडोस्कोपी होते, आणि ते बरोबरच आहे, कारण अल्सर हेच सर्वांत सामान्य कारण. जठर व आतड्याचा आरंभीचा भाग निर्दोष दिसला आणि जिथे पित्तनलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशी रक्त दिसले, तर उत्तर जवळजवळ मिळालेले असते. अडचण अशी, की रक्तस्राव थांबून-थांबून होत असल्याने तपासणीच्या क्षणी ते तोंड स्वच्छही असू शकते. तेव्हा ‘एंडोस्कोपी नॉर्मल’ या दोन शब्दांवर समाधान मानण्याऐवजी मागील दोन-तीन महिन्यांत पोटाची शस्त्रक्रिया, यकृताला सुई, नळी किंवा अपघात झाला होता काय, हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. अनेकदा निदान या एका प्रश्नापाशीच उलगडते.

डॉप्लर सोनोग्राफीत फुग्याच्या आत रक्त भोवऱ्यासारखे फिरताना दिसते. पडद्यावर अर्धा भाग लाल आणि अर्धा निळा, चिनी यिन-यांग चिन्हासारखा. साध्या सोनोग्राफीत मात्र तोच फुगा पाण्याच्या गाठीसारखा काळा दिसतो आणि तिथे धोका आहे. यकृतातील अशा ‘गाठी’त किंवा गळूत सुई घालण्यापूर्वी डॉप्लरचे बटण दाबून पाहण्यास काही क्षण लागतात, ते न करता सुई घातल्यास परिणाम भीषण होऊ शकतो. निर्णायक तपासणी म्हणजे सीटी अँजिओग्राफी. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देऊन तो धमन्यांत पोहोचताच चित्र घेतले जाते आणि फुगा, त्याची मान, तो कोणत्या शाखेवर आहे, यकृताची मोठी नीला उघडी आहे की नाही, हे सारे एकाच तपासणीत कळते. धमनी उजळलेली असताना चित्र घेतले नाही, म्हणजे केवळ नेहमीची उशिराच्या टप्प्यातील सीटी केली, तर लहान फुगा निसटू शकतो. म्हणून चिठ्ठीवर ‘सीटी’ एवढेच न लिहिता ‘अँजिओग्राफी’ असे स्पष्ट लिहिण्याला महत्त्व आहे.

मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी किंवा पूर्वी अशा द्रवाची ॲलर्जी असेल, तर ते आधी सांगावे. यांमुळे तपासणी टळतेच असे नाही, पण तयारी बदलते.

लिस्बनपासून मांडीतील सुईपर्यंत

रक्तवाहिन्यांत द्रव सोडून क्ष-किरणांनी त्यांचे चित्र घेण्याच्या कलेचा उगम गोमंतकीयांना काहीसा ओळखीच्या शहरात आहे. लिस्बनमध्ये एगास मोनीझ यांनी 1927 मध्ये मेंदूच्या धमन्यांचे आणि त्याच शहरात रेनाल्दो दोस सांतोस यांनी 1929 मध्ये महाधमनीचे चित्रण केले. पणजीच्या एस्कोला मेदिकोत (1842 मध्ये स्थापन झालेली हीच संस्था पुढे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली) त्या काळी पोर्तुगीजमधूनच वैद्यक शिकवले जात होते. मात्र धमनीत शिरण्याची सुरक्षित वाट 1953 मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी दाखवली. आधी पोकळ सुई, सुईतून लवचीक तार, मग सुई काढून तारेवरून नळी, असा तो साधा क्रम. आज जगभर असंख्य रुग्णांवर रोज तो वापरला जातो. अमेरिकेतील चार्ल्स डॉटर यांनी 1964 मध्ये अशाच नळीने पायाची अरुंद धमनी रुंद केली आणि चित्र काढणारा रेडिओलॉजिस्ट उपचार करणारा झाला. 1975 मध्ये चेझारे जिआंतुर्को यांनी रक्तवाहिनी बंद करण्यासाठी धातूची गुंडाळी, म्हणजे कॉइल, वापरात आणली. 1970 च्या दशकातच यकृतातील अशा रक्तस्रावावर धमनी आतून बंद करण्याचे पहिले प्रयत्न यशस्वी झाले. त्याआधी पोट उघडून यकृताची धमनी बांधणे किंवा यकृताचा तो भाग काढून टाकणे हाच उपाय होता. रक्त वाहून गेलेल्या, संसर्गाने खंगलेल्या रुग्णाला ते क्वचितच झेपे.

धमनीच बंद केली तर यकृत मरत नाही काय, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. यकृताची रचनाच येथे मदतीला येते. या अवयवाला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या यकृतद्वार नीलेतून आणि उरलेले धमनीतून येते. प्राणवायूचा वाटा मात्र दोघींचा जवळपास निम्मा-निम्मा. त्यामुळे धमनीची एखादी शाखा बंद झाली तरी नीलेवर ते काम भागते आणि शेजारच्या शाखांतून लहान-लहान वाटाही उघडतात. मूत्रपिंडाची किंवा मेंदूची धमनी अशी सहज बंद करता येत नाही. ही सवलत यकृताला आहे, पण ती नीला उघडी असेल तरच.

प्रत्यक्ष उपचार

रुग्ण बहुधा जागाच असतो. जांघेतील किंवा मनगटातील धमनीवर बधिरतेचे इंजेक्शन देऊन सुई घातली जाते आणि तारेवरून सुमारे दीड-दोन मिलिमीटर जाडीची नळी महाधमनीत नेली जाते. पडद्यावर चालू क्ष-किरणचित्र पाहत डॉक्टर ती नळी पोटातील मुख्य शाखेच्या तोंडाशी आणतात आणि द्रव सोडून धमन्यांचा नकाशा काढतात.

येथेच अनुभवाचा कस लागतो. पुस्तकातील आकृतीप्रमाणे यकृताची धमनी प्रत्येकात एकाच ठिकाणाहून निघत नाही. निकोलस मिशेल्स यांनी 200 देहांची चिरफाड करून 1955 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणानुसार साधारण 55 टक्के लोकांतच नेहमीची रचना आढळते. बाकीच्यांत उजवी शाखा आतड्याच्या धमनीतून, डावी जठराच्या धमनीतून किंवा अन्य तऱ्हेने येते. एका वाटेने पाहून ‘रक्तस्राव दिसत नाही’ असे म्हणणारा डॉक्टर दुसऱ्या वाटेवरचा फुगा चुकवू शकतो. म्हणून दोन्ही उगम तपासल्याशिवाय टेबलावरून रुग्णाला उतरवू नये, हा या कामातील जुना दंडक आहे.

फुगा दिसला की मोठ्या नळीतून एक मिलिमीटरहूनही बारीक दुसरी नळी पुढे सरकवली जाते. केवळ फुग्याच्या अलीकडची धमनी बंद करणे हा मोहाचा, पण अपुरा उपाय आहे. यकृताच्या शाखा एकमेकींशी जोडलेल्या असल्याने रक्त पलीकडच्या बाजूने उलट वाहत येऊन फुगा पुन्हा भरते. घराचे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे ते होते. म्हणून बारीक नळी फुग्याच्या पलीकडे नेऊन आधी मागचे दार बंद करायचे, मग नळी मागे घेत पुढचे. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर जिथे जठर-ग्रहणी धमनीचा उरलेला बुंधा फुटतो, तिथे या नियमाला विशेष महत्त्व येते. तिथे यकृताची मुख्य धमनीच बुंध्याच्या दोन्ही बाजूंना बंद करावी लागण्याची वेळ येते आणि मग नीलेची स्थिती हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

वापरायच्या वस्तू अनेक आहेत. प्लॅटिनमच्या कॉइलला बारीक धागे लावलेले असतात. ती धमनीत वेटोळे घालून बसते आणि तिच्याभोवती रक्त गोठते. ती हवी तिथे नेमकी ठेवता येते, हा तिचा गुण. दोष असा, की तिला रुग्णाच्या रक्ताच्या गोठण्याची साथ लागते. यकृत बिघडलेल्या किंवा खूप रक्त वाहून गेलेल्या रुग्णात ती गोठणशक्तीच उरलेली नसते. अशा वेळी गोंद उपयोगी पडतो. घरात तुटलेली वस्तू झटपट चिकटवणाऱ्या गोंदाच्याच रासायनिक कुळातील हे द्रव्य रक्ताचा स्पर्श होताच घट्ट होते. ते क्ष-किरणात दिसावे आणि जरा सावकाश घट्ट व्हावे म्हणून खसखशीच्या तेलापासून केलेल्या आयोडीनयुक्त तेलात मिसळतात. नळीत ते आधीच जमू नये म्हणून नळी मिठाच्या पाण्याऐवजी डेक्स्ट्रोजच्या द्रावणाने धुतली जाते. फुगा इतक्या बारीक शाखेवर असेल की नळी पलीकडे जाऊच शकत नाही, तेव्हाही गोंद पुढे वाहत जाऊन दोन्ही दारे भरतो. मात्र तो एकदा सुटला की परत घेता येत नाही. जास्त गेला तर नको त्या शाखा बंद होतात. जिलेटिनचा स्पंज तात्पुरता असतो, काही आठवड्यांत विरघळतो. एकट्या त्याच्या भरवशावर खोटा फुगा सोडू नये. नळी कुठूनच पोहोचत नसेल, तर सोनोग्राफी वा सीटीच्या साहाय्याने त्वचेतून थेट फुग्यात थ्रॉम्बिन किंवा गोंद सोडण्याचा मार्गही आहे.

प्रत्यारोपित यकृतात सारे गणित उलटते. त्या यकृताच्या पित्तनलिकांना केवळ धमनीचेच रक्त मिळते, आणि जोडणीच्या वेळी जुन्या पर्यायी वाटा तुटलेल्या असतात. धमनी बंद केली तर पित्तनलिका सडतात. तिथे कापडी अस्तर असलेला स्टेंट फुग्याच्या तोंडावर बसवून धमनी वाहती ठेवण्याचा प्रयत्न होतो. यकृतद्वार नीलेत गुठळी असेल तेव्हाही हाच विचार. स्टेंट वळणदार आणि बारीक धमनीत बसवणे कठीण असते आणि नंतर रक्त पातळ करणारी औषधे घ्यावी लागतात. रक्तस्राव झालेल्या रुग्णात तो निर्णय सोपा नसतो.

निवडक रुग्णांच्या बहुतेक अभ्यासांत दर दहांपैकी आठ-नऊ जणांचा किंवा त्याहून अधिकांचा रक्तस्राव या पद्धतीने थांबतो. तरीही शल्यचिकित्सकाला बाजूला सारता येत नाही. फुगा मोठा होऊन पित्तमार्ग दाबत असेल, भोवती पू असेल, नळी पोहोचतच नसेल किंवा पोटात रक्त भरून रुग्ण कोसळत असेल, तर पोट उघडावेच लागते. शल्यचिकित्सक आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकाच वेळी रुग्ण पाहणे ही चैन नव्हे.

उपचारानंतर काही दिवस ताप, उजवीकडे दुखणे, मळमळ होते आणि यकृताच्या रक्ततपासणीतील आकडे वाढतात. बहुतेकांत ते आपोआप उतरतात. ताप थंडी वाजून आठवडाभर राहिला, तर बंद झालेल्या भागात गळू झाले काय, हे पाहावे लागते. पित्ताशय काढलेले नसेल आणि त्याची धमनी चुकून बंद झाली असेल, तर पित्ताशयालाही इजा संभवते. जांघेतून सुई घातली असल्यास चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. मनगटातून घातली असल्यास ते बंधन उरत नाही. काळी शौच उपचारानंतरही दोन-तीन दिवस होऊ शकते, कारण आतड्यात साचलेले जुने रक्त बाहेर पडत असते. नाडीचा वेग आणि हिमोग्लोबिन स्थिर असेल, तर त्यात घाबरण्याचे कारण नाही.

ही सोय कुठे मिळते, हा व्यवहारातला कळीचा मुद्दा आहे. हृदयाची अँजिओग्राफी होणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात यकृताचे हे काम होतेच असे नाही; यंत्र तेच असले तरी बारीक नळ्या, कॉइल, गोंद आणि ते हाताळणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट यांची एकाच वेळी गरज लागते. काणकोण, सत्तरी किंवा पेडण्याहून निघणाऱ्या, तसेच खानापूर वा सावंतवाडीकडून येणाऱ्या कुटुंबाने रुग्ण हलवण्यापूर्वी समोरच्या रुग्णालयात ‘धमनी बंद करण्याची सोय आज आहे काय’ एवढे दूरध्वनीवरून विचारून घेतले, तर दोन रुग्णालयांमधला घातक प्रवास टळतो. सोबत शस्त्रक्रियेचा कागद, सीटीची डिस्क (केवळ अहवाल नव्हे), रक्तगट आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांची नावे असावीत. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असल्याचे रुग्ण बहुधा सांगत नाहीत, कारण ती ‘हृदयाची गोळी’ असते आणि दुखणे पोटाचे.

घरी परतताना मिळणाऱ्या कागदावर कोणती धमनी, कोणत्या दिवशी, कशाने आणि किती कॉइल वापरून बंद केली, हे लिहून घ्यावे. फुगा पुन्हा भरला नाही ना, हे पाहण्यासाठी डॉप्लर किंवा सीटी कधी करायची, याची तारीखही त्यावर हवी. पुढे कधी एमआरआय करावा लागला, तर तोच कागद तिथे दाखवायचा. प्लॅटिनमच्या कॉइलमुळे ती तपासणी सहसा अडत नाही, पण कॉइल कोणती आहे हे तंत्रज्ञाला ठाऊक असावे लागते.